डावीकडची तिसरी स्क्रीन

"तुमच्या टेबलावर स्क्रीन किती आहेत, कधी मोजल्यात का रे?"

म्हैसूरच्या त्या कंपनीत रात्रपाळीची पोरं कॉफीचे पेले घेऊन बसली होती. अर्धे दिवे मालवलेले होते. पुट्टस्वामी अण्णांनी हा प्रश्न विचारला, तेव्हा रक्षित म्हणाला, "दोन आहेत अण्णा. तिसरी मागितली तर साहेब माझी खुर्ची काढून घेतील."

सगळे हसले. अण्णा हसले नाहीत.

"निंगराजूला तुम्ही पाहिलेलं नाही," ते म्हणाले. "माझ्या शेजारी बसायचा. ही त्याची गोष्ट. थापा मारणारा माणूस नव्हता तो."

आणि त्यांनी ती सांगितली.

मागल्या वर्षीची महालय अमावास्या, म्हणजे सर्वपित्री. निंगराजूचं काम साधं होतं. ज्यांना कंपनीने घरून काम दिलंय त्यांच्याकडे जायचं, स्क्रीन जोडायच्या आणि सेटिंग लावून द्यायचं. घरी खरा कॉम्प्युटर नसतोच. तो असतो लांब, दुसऱ्या गावी, कंपनीच्या गार खोलीत. घरच्या स्क्रीनवर दिसते ती त्याची नुसती सावली. कागद हलतात, खिडक्या उघडतात, पण ज्याच्यामुळे हे सगळं होतं तो तिथे नसतो. आपल्याला त्याची सवय झाली आहे, एवढंच.

त्या संध्याकाळी त्याला शेवटी जायचं होतं सरस्वतीपुरमला, भाग्या नावाच्या बाईकडे. तिचा नवरा देवराजू याच कंपनीत विम्याच्या फाइली तपासायचा. घरीच, टेबलापाशी बसलेला असताना गेला. हात माऊसवर तसाच होता. कंपनीने त्याच्या तिन्ही स्क्रीन परत नेल्या. पुढे त्याच्या जागी बायकोला घेतलं. तिला स्क्रीन दिल्या दोन, आणि नोकरी दिली कच्ची. काम बघू, मग ठरवू, असं सांगितलं.

आणि काम काही जमत नव्हतं. उघडलेली फाइल हळूहळू डावीकडे सरकायची आणि कडेवरून पलीकडे जायची. तिच्या मागे माऊसचा बाणही जायचा. शोधून शोधून बाई रडकुंडीला यायची. साहेबांनी शेवटचं सांगितलं होतं की ही मोठी फाइल उद्या सकाळपर्यंत आली नाही, तर नोकरी संपली असं समजा. घरात मिळवणारी ती एकटी. सिंचना नावाची शाळकरी मुलगी आणि म्हातारी सासू तिच्यावरच अवलंबून.

निंगराजूला यात नवल वाटलं नाही. काढून नेलेली स्क्रीन अजून आहे असं कॉम्प्युटरला वाटत राहतं. चुटकीसरशी होणारं काम. ते उरकून त्याला स्वतःच्या घरी जायचं होतं. वडिलांसाठी पान मांडायचं होतं.

भाग्याच्या घरात मटणाचा वास दरवळत होता. टेबलाच्या डाव्या हाताला एक खोली होती आणि तिचं दार बंद होतं. दारापाशी सासू, जयम्मा, पाटावर बसली होती. आत देवराजूची एडे, म्हणजे पितरांसाठी वाढलेलं पान, मांडली होती. केळीच्या पानावर नाचणीच्या उकडलेल्या गोळ्यांची मुद्दे, मटण, अनारशासारखं कज्जाय, पेलाभर कॉफी आणि बाजूला तेलाचा दिवा नि घडी न मोडलेला चौकड्यांचा शर्ट. पानापुढे जमिनीवर तांदळाचं पीठ चाळून ठेवलं होतं. येणारा आला की त्याचं पाऊल उमटतं. मग दार लावून घ्यायचं आणि तो जेवेपर्यंत आत बघायचं नाही.

"आवाज करू नकोस बाबा," जयम्मा म्हणाली. "माझा मुलगा जेवायला यायचाय."

"माझं काम मुकं असतं अम्मा."

"मुकं म्हणतोस आणि तोंड तर चालूच आहे."

भाग्या ओठांतल्या ओठांत हसली. निंगराजूही हसला आणि खुर्ची ओढून बसला. त्याच्या उजव्या हाताला टेबलाचं रिकामं टोक होतं आणि त्यापुढे भिंत.

त्याने सेटिंग उघडलं. अपेक्षेप्रमाणे तिथे तीन चौकोन होते. एक आणि दोन शेजारी शेजारी. तीन मात्र अगदी डावीकडे.

कुठला आकडा कुठल्या स्क्रीनचा, हे बघायला एक बटण असतं. ते दाबलं की ज्या त्या स्क्रीनवर तिचा आकडा मोठा होऊन दिसतो. निंगराजूने ते दाबलं.

समोर एक उमटला. शेजारी दोन उमटला.

आणि बंद दाराच्या फटीखाली निळसर उजेडाची रेघ आली.

थोड्या वेळाने आकडे गेले. रेघही गेली.

आत दिवा लावला असेल, असं त्याला वाटलं. पण दिव्याचा पिवळा उजेड तर आधीपासून फटीत होताच. त्याने पुन्हा बटण दाबलं. एक. दोन. आणि दाराखाली रेघ.

"आत टीव्ही आहे का अक्का?"

भाग्या दाराकडे बघत होती. "एडेच्या दिव्याशिवाय आत काही नाही," ती म्हणाली. "बल्बसुद्धा काढून ठेवलाय."

निंगराजूने पुन्हा बटण दाबलं नाही.

त्याने तीनचा चौकोन बंद करायला घेतला. तो बंद होईना. मग अशा वेळी आपण सगळे जे करतो तेच त्याने केलं. तीनचा चौकोन माऊसने धरला, डावीकडून उचलला आणि उजवीकडे नेऊन ठेवला. निदान फाइली डावीकडे तरी पळणार नाहीत, एवढाच त्याचा विचार.

पण नव्या पोरांना आपण पहिल्या दिवशी काय शिकवतो? चौकोन जिथे ठेवाल, तिथे स्क्रीन असते. तो ते विसरला.

स्क्रीनवर प्रश्न आला. हा बदल ठेवायचा का? खाली सेकंद उलटे मोजले जाऊ लागले.

दाराखाली अंधार झाला. पिवळा उजेडही नाही.

आत काहीतरी ओढल्यासारखा आवाज आला. पाटाचा असेल.

जयम्मा उभी राहिली. "उठला," ती म्हणाली. "पानावरून उठवलंस त्याला."



सेकंद कमी होत होते.

निंगराजूच्या उजव्या बाहीवर उजेड पडला. निळसर. आधी मनगटावर... मग कोपरावर... मग खांद्यावर. उजवीकडे भिंतीशिवाय काही नव्हतं. त्याने मान वळवली नाही. गार कॉफीचा वास आला. अगदी कानाजवळून.

बाण "ठेवा"वर होता. बोट माऊसवर होतं. दाबलं की डावी बाजू कायमची मोकळी. फाइल पळणार नाही. बाईची नोकरी राहील.

"अक्का," तो कसाबसा म्हणाला, "तुमची नोकरी..."

भाग्याने त्याचं मनगट धरलं.

"दाबू नका," ती म्हणाली. "त्यांना जेवू दे."

तीन...

दोन...

त्याने हात काढून घेतला.

चौकोन आपोआप डावीकडे गेला. बाहीवरचा उजेड उतरला. दाराखाली पुन्हा दिव्याची पिवळी रेघ दिसू लागली. जयम्मा हळूच खाली बसली आणि तिने पदर तोंडाला लावला.

मग भाग्या टेबलापाशी बसली. तिने स्क्रीनकडे पाहिलं नाही. डाव्या कडेकडे तोंड करून, वाढताना बोलावं तशी हलक्या आवाजात ती बोलली.

"अहो, सावकाश जेवा. घाई नाही. पण तेवढी फाइल मला द्या. सिंचनाची शाळा त्यावर आहे."

काही झालं नाही.

निंगराजू उठला. चपला घालत असताना त्याने एकदाच वळून पाहिलं. स्क्रीनच्या डाव्या कडेतून पांढरी पट्टी बाहेर येत होती. बोटभर... थांबली... मग हातभर. शेवटी अख्खी फाइल मधोमध येऊन उभी राहिली.

पुट्टस्वामी अण्णा थांबले. कॉफी कोणाचीच संपली नव्हती. रक्षितने स्वतःच्या डावीकडे बघितलं आणि घाईने नजर काढून घेतली.

"मग?" तो म्हणाला.

"मग काय. अवजारांची पिशवी तो तिथेच विसरला होता. ती आणायला सकाळी गेला."

भाग्याने रात्रभर बसून काम केलं होतं आणि फाइल वेळेत पोचली होती. निंगराजूसमोरच जयम्माने खोलीचं दार उघडलं. पान जसंच्या तसं होतं. पिठावर एकही पाऊल उमटलं नव्हतं. आणि टेबलाच्या उजव्या टोकाला, जिथे रात्री काहीच नव्हतं, तिथे तांदळाच्या पिठाचा एक चौकोनी ठसा होता, स्क्रीनच्या स्टँडच्या मापाचा.