न शिकवलेले शब्द

"यंत्राला शब्द शिकवायचे म्हणे. स्वतःच्या तोंडून दिवसभरात चार निघतील तर शपथ," तव्यावरची पोळी उलटत कालिंदी पुटपुटली. ओटा नि जेवणाचं टेबल यांत हातभर अंतर. दिगंबररावांना ऐकू गेलं, आणि नेहमीप्रमाणे गेलंही नाही.

कोलकात्यातल्या दमदमच्या त्या फ्लॅटमध्ये अर्धं टेबल कॉम्प्युटरनं अडवलं होतं. त्यांच्या मुलानं, अनीशनं, जुन्या बाजारातून चिपा वेचून हातानं जोडलेला. त्यात फोर्थ नावाची प्रोग्रामिंगची भाषा उभी करायची राहून गेली. गेल्या दुर्गाविसर्जनाला तो मित्रांबरोबर बागबाजारच्या घाटावर गेला, पाण्यात उतरला. नदीनं काहीच परत दिलं नाही. तेव्हापासून घरातली वाक्यं 'अनीश आला की' अशीच सुरू होत. पुण्याहून दिरांनी दिवसकार्याचा विषय काढला, तर दिगंबररावांनी फोन ठेवून दिला आणि भाषेचं काम हाती घेतलं.

रीत सोपी होती. मूळचे मूठभर शब्द चिपेत पक्के. त्यांतूनच पुढचे घडवायचे. ओळखीचा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप केला की पडद्यावर 'ओके' येई, अनोळखीला प्रश्नचिन्ह. वीज गेली की शिकवलेलं सगळं पुसलं जाई.

कालिंदीनं एका बोटानं 'पोळी' टाइप केलं.

"पिठाचे हात," ते म्हणाले.

प्रश्नचिन्ह. बापावर गेलंय, ती म्हणाली, ताटात पडेपर्यंत पोळी दिसत नाही. मग सहज तिनं 'रुटी' लिहिलं. कोलकात्यात वाढलेला अनीश पोळीला रुटीच म्हणायचा.

'ओके'.

"हा तुम्ही शिकवलात?"

"नाही."

त्यांनी मागच्या तारा चाचपल्या, एक सोल्डरिंगनं पुन्हा जोडली. राळेचा धूर पंख्याखाली घुटमळत राहिला. पोळी करपल्याचा वास आला तरी कालिंदी हलली नाही. तिनं 'आई' लिहिलं.

प्रश्नचिन्ह.

कितीदा रागावली होती ती त्याला, आई म्हणत नाही म्हणून. तिनं 'मा' लिहिलं.

'ओके'.

तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबला. वीज आली तेव्हा दिगंबरराव म्हणाले, आता काही उरलं नसेल. आणि त्यांनीच, काही न शिकवता, 'मा' टाइप केलं.

'ओके'.

त्यांनी खुर्ची पुढे ओढली. वर्षभरात न दिसलेलं हसू चेहऱ्यावर होतं. हे आता इथून उठायचे नाहीत, कालिंदीला लख्ख दिसलं. जन्मभर.

"बघ, मी म्हणत नव्हतो? अनीश आला की..."

"अहो." तिनं गॅस बंद केला. "अनीश बुडाला. तो येणार नाही."

त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. तिचे, पिठाचे, ओट्यावर. वरून विमान गेलं, खिडकीची काच थरथरून थांबली.

पडद्यावर एक नवी ओळ उमटली.

'ओके'.