शेकडा चार

"शेकडा चार," भिंतीवरचा निकालदर्शी म्हणाला आणि बारावीचा अख्खा वर्ग हसला.

शबनम मुजावर मात्र उभीच राहिली. नंदिनी शिंत्रे मॅडमनी हात वर करून वर्गाला गप्प केलं, पण त्यांच्याही ओठांवर हसू होतंच. इतका कमी आकडा त्यांनी या वर्गात कधी ऐकला नव्हता.

बारावीला 'कायदा' हा विषय आला, त्याच वर्षी नांदवडच्या कॉलेजात हे यंत्रही आलं. तक्रार तोंडी सांगायची. देशभरातले जुने निकाल पालथे घालून ते जिंकण्याची शक्यता सांगायचं. प्रात्यक्षिकासाठी प्रत्येकाने गावातली एक खरी, किरकोळ तक्रार निवडायची आणि 'न्यायसोबती' म्हणून तालुका न्यायालयात ती मांडायची, अशी मुभा होती. मुलं साहजिकच ऐंशी-नव्वदच्या तक्रारी शोधून आणत. मॅडम स्वतः वकिली सोडून शिकवायला लागल्या होत्या, त्याचं कारणही हेच यंत्र होतं. पक्षकार घरीच आकडा बघत आणि वकिलाच्या दारापर्यंत येतच नसत.

"दुसरी तक्रार घे, शबनम," तास संपल्यावर त्या म्हणाल्या. "हरलीस तर गुण जातील."

"मॅडम, त्याने सगळे निकाल वाचलेत. पण बंड्याला कुठे बघितलंय?"

बंड्या हा शबनमच्या शेजारच्या चौगुले मामांचा कुत्रा. मामा तबल्याचे शिक्षक होते; साखरेच्या आजारात दृष्टी गेली. बंड्या आला तो गल्लीतूनच. त्याला कुणी शिकवलं नव्हतं, पण मामांना तो रोज सकाळी वाचनालयात न्यायचा आणि तिथल्या श्राव्य पुस्तकांच्या खोलीत त्यांच्या पायाशी झोपायचा. नव्या ग्रंथपालांनी नियम दाखवला: प्रमाणपत्र असलेला मार्गदर्शक कुत्राच आत येईल. बंड्याकडे प्रमाणपत्र कुठलं?

दुसऱ्या दिवशी मॅडम मुद्दाम मामांच्या गल्लीत गेल्या. मामा निघाले होते. बाजाराच्या तोंडाशी गटाराचं झाकण उघडं होतं. बंड्या आडवा उभा राहिला, मामांच्या गुडघ्याला अंग लावून. मामा थांबले, वळले, पुढे निघाले.

"पुस्तकं घरीही ऐकता येतात की, मामा," मॅडम म्हणाल्या.

"येतात की. पण घरात कोण खोकत नाही, पानं उलटत नाही. माणसांत बसल्यागत वाटत नाही बघा."

मॅडमनी त्याच दुपारी शबनमच्या अर्जावर सही केली. मग पंधरवडाभर दोघी कॉलेज सुटल्यावर बसू लागल्या. मॅडम उलटतपासणी घ्यायच्या, शबनम चिडायची, मग दोघी कँटीनमध्ये भजी खायच्या. कितीतरी दिवसांनी आपण वकिलासारखा विचार करतोय, हे मॅडमना भज्यांच्या तिसऱ्या प्लेटीला जाणवलं.

सुनावणीत शबनम आधी अडखळली. मग ती म्हणाली, "साहेब, हा नियम कुत्र्यासाठी केलेला नाही. न दिसणाऱ्या माणसाला आत येता यावं म्हणून केलाय. मग त्याच नियमाने तो माणूस बाहेर राहत असेल, तर नियम कुणासाठी उरला?"

न्यायाधीशांनी चष्मा काढला. समोरच्या पडद्यावर त्यांनाही तो चारचा आकडा दिसत होता.

निकाल विरुद्ध गेला. नियम स्पष्ट आहे, तो मोडण्याचा अधिकार या न्यायालयाला नाही, असं त्यांनी लिहिलं. पण पुढे आणखी एक परिच्छेद होता: हा नियम करताना बंड्यासारख्या सोबत्याचा विचारच झालेला दिसत नाही, तो व्हायला हवा.

शबनम रडतच मामांकडे गेली.

"निकालात बंड्याचं नाव आलंय?" मामांनी विचारलं.

"दोनदा."

"ऐकलंस का रे? सरकारदरबारी लागलास की!" मामांनी बंड्याला असं काही कुरवाळलं की शबनमला रडता रडता हसू फुटलं.

आठवड्याने वर्गात निकालदर्शीने नवे निकाल वाचून घेतले, त्यात बंड्यावरचा तो परिच्छेदही होता. शबनमने कुणालाही न विचारता तीच हकिगत त्याला पुन्हा सांगितली.

"शेकडा एकोणीस."

या खेपेला कुणी हसलं नाही. दूरच्या कुठल्या तरी गावात कुणीतरी हा आकडा ऐकेल आणि कदाचित अर्ज करेल, असं मॅडमच्या मनात आलं. त्या शबनमला शाबासकी द्यायला वळल्या, पण ती अजून भिंतीकडेच बघत होती.

"मॅडम," ती हळूच म्हणाली, "चार ऐकून ज्यांनी अर्जच केला नाही, त्यांचं म्हणणं काय होतं, ते याला कधी कळणार?"