घारीचा चष्मा

तक्त्यावरची शेवटची ओळ तिने एका दमात म्हणून टाकली. म, ग, ठ, र, प. घडाघडा, पाढे म्हणावेत तशी.

डोळे तपासणाऱ्याने हातातली पट्टी टेबलावर ठेवली. नवीनच आला होता तो. कारखान्याच्या दवाखान्यात याआधी वर्षानुवर्षं एक म्हातारे गृहस्थ येत. ते तपासता तपासता पेंगायचे.

"सुंदर," तो म्हणाला. "फक्त एक अडचण आहे. तक्ता मी आज सकाळी बदलला."

तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या... पण मान खाली घालणाऱ्यांतली ती नव्हती.

"मग पुन्हा बदला. जुना बरा होता."

तो हसला. तिला त्याचा चेहरा नीट दिसत नव्हता, हसू मात्र ऐकू आलं.

जमिनीपासून चाळीस फुटांवर, क्रेनच्या काचेच्या इवल्याशा केबिनमध्ये बसून ती पोलादाचे गज उचलायची. त्या खुर्चीवर बसलेली कारखान्यातली पहिली बाई. सगळे तिला घार म्हणत. आणि फोरमनने कधीच सांगून ठेवलं होतं, 'चष्मा लागला की केबिन सुटली. गोदामात बसून खिळे निवडायचे.'

"मला महिनाभर द्या," ती म्हणाली. "तीन महिने गाजरं खातेय. पालक, लाल भोपळा, पपई... आई म्हणते नंबर उतरेल."

"तीन महिने? मग डोळ्यांची चंगळ आहे. सोडू नका ते. पालेभाज्या, गाजर, अंडी, मासे, मूठभर बदाम, सगळं डोळ्यांची तब्येत राखतं. पण नंबर वेगळा. तो डोळ्याच्या आकाराचा खेळ असतो, खाऊन आकार बदलत नाही. तिथे काचच लागते."

"म्हणजे माझी गाजरं वाया?"

"वाया कशी? डोळा धडधाकट आहे तुमचा. नुसतं लांबचं दिसत नाही." मग आवाज खाली आला. "खाली माणसं फिरतात ना हो?"

खालून सिग्नल देणाऱ्याचे हात गेले काही आठवडे तिला कापसाच्या बोळ्यांसारखे दिसत होते. ते तिने कुणालाही सांगितलं नव्हतं, आईलासुद्धा नाही.

"मी खोटं लिहिणार नाही," तो म्हणाला.

"मी कुठे म्हटलं लिहा?"

"पण चष्मा नको, हा नियम कुठे लिहिलाय?"

"फोरमनच्या तोंडात."

"तोंडातला नियम कागदावर मागा की. तुम्हाला भीती वाटते असं काही दिसत नाही."

ती उठली. दारापर्यंत गेली आणि वळली. "चष्मा कधी मिळेल?"

"चार दिवसांनी. बाजारातल्या गल्लीत माझं दुकान आहे."

त्याच दुपारी तिने आठ दिवसांची रजा टाकली. चष्मा डोळ्यांवर आल्याशिवाय शिडीला हात लावायचा नाही, हे तिने स्वतःशीच ठरवलं. आणि रजेच्या अर्जाबरोबर दुसराही कागद फोरमनच्या टेबलावर ठेवला: 'चष्म्याबद्दलचा नियम लेखी दाखवावा.'

चष्मा चार दिवसांनी मिळणार होता. ती दुसऱ्याच दिवशी दुकानात हजर. म्हणे, फ्रेम पक्की करायची होती.

भर दुपारची वेळ. तो काउंटरमागे चहात बिस्कीट बुडवत बसला होता.

"हे जेवण?" तिने विचारलं.

"नाश्ता जरा लांबला..."

"लोकांना अंडी-मासे सांगायचे आणि स्वतः बिस्किटं? शोभतं का हे?" तिने पिशवीतून डबा काढला. "घ्या. गाजर-पालक आहे. थोड्या तेलात परतलेलं. तेलाशिवाय गाजर अंगी लागत नाही म्हणतात."

"खरं आहे ते. कुणी सांगितलं?"

"आईने. ती वाचते सगळं. वाचते आणि घाबरते."

त्याने घास घेतला. मग दुसरा. तिसऱ्या घासाला डब्याचं झाकण त्याने आपल्याकडे ओढून घेतलं, तेव्हा तिला हसू आवरलं नाही.

तिसऱ्या दिवशी आईच तिच्याबरोबर आली. काउंटरच्या कडेला नखाने रेघा ओढत उभी राहिली. शेवटी म्हणाली, "एक विचारू? ही लहान असताना भाजी बघितली की तोंड फिरवायची. मीही थकलेली असायचे... जोर नाही केला. माझ्यामुळेच ना हे?"

"आई—" ती म्हणायला गेली.

"नाही हो काकू," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा सूर थट्टेचा नव्हता. "रोज पाच जेवणं भरवली असती तरी हा नंबर आला असता. तुम्ही काही चुकला नाहीत. उलट तिचे डोळे इतके निरोगी आहेत ते तुमच्या डब्यामुळे."

आईने पदर नाकाला लावला. घरी जाताना एवढंच म्हणाली, "उद्या डबा मोठा घेऊ या का गं?"

चौथ्या दिवशी चष्मा आला. त्याने तो तिच्या कानांवर अलगद टेकवला आणि हात लगेच मागे घेतला, जणू चटका बसला. तिने डोळे उघडले. समोर... तो होता. अख्खा.

"तुमच्या उजव्या भुवईत एक फट आहे."

"लहानपणी झाडावरून पडलो."

"आणि कान लाल झालेत."

"ते... काचेचा दोष असेल."

"काच तुम्हीच घासलीत."

मग त्याने विषय बदलला. क्रेनला खालून कसं सांगतात ते विचारलं. तिने शिकवलं. बोट वर करून गोल फिरवलं की उचल, बोट खाली करून गोल फिरवलं की खाली घे. तो दर वेळी उलटंच करायचा. चार वेळा शिकवावं लागलं. पाचवी वेळ तिने मुद्दाम दुसऱ्या दिवसावर ठेवली.

फोरमनला लेखी नियम सापडला नाही. फायलीत एवढंच होतं की चालकाला नीट दिसलं पाहिजे, चष्म्याने किंवा चष्म्याविना. पण हार मानेल तो फोरमन कसला. रजा संपली त्या दिवशी त्याने शेडमध्ये खडूने चौकोन आखला, गजांच्या मोळीपेक्षा जेमतेम वीतभर मोठा.

"मोळी याच्या आत उतरव. रेघेला धक्का लागला तर गोदाम," तो म्हणाला.

"आणि नाही लागला तर?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

"तेव्हाचं आत्ताच बघू, साहेब. नाही लागला तर चष्म्याचा विषय पुन्हा काढायचा नाही. या सगळ्यांसमोर म्हणा."

शेडमधली कामं थांबली होती. फोरमनने चोहीकडे पाहिलं आणि तो तोंडातल्या तोंडात 'बरं' म्हणाला.

"ऐकू आलं नाही."

"बरं म्हटलं ना."

ती शिडी चढली. वरून तिने खाली पाहिलं. सिग्नल देणाऱ्याची दहा बोटं वेगवेगळी दिसत होती. खडूची रेघ कुठे जाड, कुठे पुसट, तेही. जमिनीवरच्या पिवळ्या सुरक्षा-पट्ट्याच्या बाहेर, दवाखान्याच्या दारात एक माणूस स्टुलाशेजारी उभा होता. आज त्याचा तपासणीचा वार.

मोळी हलली, झुलली, शांत झाली. इंचाइंचाने उतरली. टेकली. चारही बाजूंना खडू जसाच्या तसा.

कुणी शिट्टी वाजवली. फोरमनने वाकून चारही रेघा तपासल्या. पुन्हा एकदा तपासल्या. मग कमरेवर हात ठेवून म्हणाला, "चला, कामाला लागा सगळे."

ती मात्र पिशवी घेऊनच वर चढली होती. जेवणाच्या सुट्टीला पाच मिनिटं उरली असताना तिने दोरीने ती खाली सोडली. सिग्नल देणाऱ्याने ती दवाखान्याच्या दारातल्या स्टुलावर नेऊन ठेवली आणि डोळे मिचकावत बाजूला झाला.

आत डबा होता. मोठा, दोन माणसांचा. झाकणाखाली घडी घातलेला कागद, हाताने काढलेला तक्ता. वर ठळक अक्षरं, मग बारीक, आणखी बारीक. शेवटची ओळ मुंगीएवढी. डोळे तपासणाऱ्यालाच कागद जवळ आणावा लागला, मग लांब धरावा लागला.

'ही ओळ पाठ केलेली नाही. रोज माझ्याबरोबर जेवाल? कायमचं?'

त्याने वर पाहिलं. बोललेलं पोहोचणार नव्हतंच. त्याने हात वर केला, थबकला, चुकतोय हे कळून घाईने खाली आणला... आणि बोट जमिनीकडे करून गोल गोल फिरवलं. बरोब्बर. खाली घे. खाली ये.

चाळीस फुटांवरून तिला ते बोट लख्ख दिसलं. भुवईतली फटही दिसली, असं ती पुढे शपथेवर सांगायची आणि कुणीही ते खरं मानायचं नाही.

पण भोंगा अजून झाला नव्हता. तिने काचेआडून मान हलवली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. सुट्टीआधी ती खुर्ची सोडत नसे. फोरमनसाठी नाही, आणि याच्यासाठी तर मुळीच नाही.

तो मुकाट्याने स्टुलावर बसला. डबा मांडीवर उघडा ठेवून, एका तुकड्यालाही हात न लावता.

तेवढ्यात भोंगा वाजला. शिडी उतरताना तिने पायऱ्या मोजल्या नाहीत.