कौशीच्या उंचीवरून

"ताई, आई म्हणती कौशी शेजारच्या बानूबाईसंगं इंदापूरच्या बाजाराला गेली. मग तिच्या चपला हितं कशा?"

ऋषिराज दारात उभा होता. त्याच्या हातात त्याच्या चार वर्षांच्या बहिणीच्या लाल चपला होत्या. नव्या चपला आल्यापासून कौशी त्या झोपतानाही काढायला तयार नसायची.

राजेश्वरीचा ब्रश थांबला. ती बारामतीहून पळसदेवला मामाकडे, ऋषिराजच्या घरी, सुट्टीला आली होती. मोठेपणी मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढायची, हे तिनं कधीच ठरवून टाकलं होतं. स्पर्धेत बक्षीस मिळालेलं एक चित्रांचं पुस्तक ती जाईल तिथं बरोबर नेत असे. बाजारात हरवलेल्या कुत्र्याच्या पिल्लाची साधी गोष्ट, पण चित्रं अशी की एकेका पानावर ती तासभर रेंगाळायची. त्यातल्या सावल्या काळ्या नव्हत्या, जांभळ्या होत्या. रस्ता पानाच्या कडेवरून बाहेर पळायचा, त्यामुळं पान उलटल्यावाचून राहवायचं नाही. आणि अख्ख्या पुस्तकात एकाही मोठ्या माणसाचा चेहरा नव्हता. नुसते पाय, लुगड्यांचे काठ, पिशव्यांची बुडं. असं का, ते तिला उमगत नव्हतं. सकाळपासून ती तसलंच एक चित्र काढायला धडपडत होती आणि काही केल्या जमत नव्हतं.

त्यातच कौशी आली होती. "पिल्लू दाव की," म्हणत तिनं पुस्तक ओढलं आणि निळ्या रंगाची वाटी लवंडली. राजेश्वरी भडकली. "जा इथून. माझ्या डोळ्यांसमोर येऊ नकोस."

हे ती ऋषिराजला बोलली नाही. दोघं चुलीपाशी धावली.

"चपला इसरली आसंल," मुक्तामामी भाकरी थापत म्हणाली. "बानूबाई न्हेते म्हणली हुती."

"पण नेताना तू बघितलंस का, मामी?"

मामीचा हात थांबला. "मी न्हाय. तुझ्या मामानं बघितलं आसंल."

"मला वाटलं, तुझ्याजवळच हाय," अंगणातून सर्जेराव मामा म्हणाले.

अकराच्या एसटीतून बानूबाई उतरली, ती एकटीच. उशीर झाला म्हणून ती कौशीला न घेताच गेली होती.

मग सगळ्यांचं धाबं दणाणलं. कुणी विहिरीत गळ टाकला, कुणी पाण्याकडं धावलं. उन्हाळ्यामुळं उजनी धरणाचं पाणी पार मागं सरलं होतं. जुन्या देवळाचं शिखर उघडं पडलं होतं आणि अलीकडं नुसता गाळ होता, वरून वाळलेला, आत माणसाचा पाय गिळणारा. त्या गाळाकडं मामी कौशीला हाका मारत धावली.

राजेश्वरी कडब्याच्या गंजीमागं बघून आली, गोठ्यात बघून आली. हाका मारून तिचा घसा बसला. 'डोळ्यांसमोर येऊ नकोस म्हणाले आणि ती आलीच नाही.' दुसरं काही तिला सुचत नव्हतं. शेवटी ती उंबऱ्यापाशी जमिनीवरच बसली.

समोरून पाय पळत होते. धोतरं, लुगड्यांचे काठ, बाजेचे खूर. तिथून एकही चेहरा दिसत नव्हता.

ती दचकली. पुस्तकातला चित्रकार असाच खाली बसला होता तर. पिल्लाएवढा होऊन त्यानं तो बाजार बघितला होता.

"ऋषी, खाली बस. कौशीएवढा हो."

"येडी झालीस का, ताई?"

"आपण सगळे वरून बघतोय. ती कुठं वरून बघते? बस लवकर."

दोघं रांगायला लागली. काटेरी कुंपणावर वेल लोंबत होते, पण खालून बघितलं तर कुत्र्यांनी पाडलेलं भगदाड दिसत होतं. त्याच्याजवळच्या दगडावर निळी बोटं उमटली होती.

"तुझाच रंग हाय ह्यो," ऋषिराज म्हणाला.

पाठी ओरबाडून घेत ती दोघं बाहेर पडली. पुढं बाभळीच्या बुंध्यावर, गुडघ्याएवढ्या उंचीवर, आणखी एक निळा डाग होता. तिथून उतार थेट जुन्या चारीकडं, शेताला पाणी नेणाऱ्या कोरड्या चराकडं, जात होता. आणि गावातला मानसिंग ट्रॅक्टरला लोखंडी फळी लावून तीच चारी बुजवत होता. चारीत दोन फुटके सिमेंटचे पाइप पडले होते. एक मातीखाली गेलाही होता. दुसऱ्याच्या तोंडावर इवलासा निळा पंजा होता.

"मानसिंगकाका, थांबवा. पाइपात कौशी आहे."

"आरं, सकाळपास्नं मी हितंच हाय," मानसिंग इंजिनाच्या आवाजावरून ओरडला. "मला हितनं वरनं समदं दिसतंय. व्हा बाजूला."

"काका, नुसतं उतरून बघा," म्हणत राजेश्वरी फळीपुढं जाऊन उभी राहिली. मानसिंग तिच्यावर खेकसत असताना ऋषिराज मागून चढला, इंजिन बंद करायचा खटका त्यानं ओढला आणि किल्ली काढून धूम ठोकली.

एकदम शांत झालं. राजेश्वरी घसरत चारीत उतरली आणि पालथी पडून पाइपात शिरली. पलीकडचं तोंड मातीनं बुजलं होतं. आत काळोख, कोंदटलेली हवा. तिच्या हाकेला उत्तर आलं नाही. चाचपडताना एक छोटंसं पाऊल हाताला लागलं. तिनं ते गच्च धरलं. पाऊल गरम होतं.

बाहेर ओढल्यावर घामानं थबथबलेल्या कौशीनं डोळे चोळले. "चपला वाजत्यात म्हणून काढून आले अन् हितं झोपले," ती म्हणाली. "तुझ्या डोळ्याम्होरं न्हाय आले, ताई."

मानसिंग डोकं धरून मातीतच बसला.

घरी सगळी भावकी जमली. "पोरांनो, माझी लेक तुमी माघारी आणली," मामा म्हणाले. मानसिंगनं ऋषिराजची पाठ थोपटली. म्हाताऱ्या बायांनी राजेश्वरीच्या तोंडावरून हात फिरवले. ते कौतुक तिला सोसेना.

"मामी, सकाळी मीच तिला हाकललं होतं," ती रडत म्हणाली. "डोळ्यांसमोर येऊ नकोस म्हणाले होते."

मामीनं पदरानं तिचे डोळे पुसले.

"तू पोर हायस," ती म्हणाली. "घरात आमी मोठी माणसं हुतो. मी म्हणलं, ह्यांनी बघितलं आसंल. ह्यास्नी वाटलं, ती माझ्याजवळ हाय. आमी कुणीच बघितलं न्हाय. तू बघितलंस."

मामांनी मान खाली घातली. मामीनं कौशीला उचलून राजेश्वरीच्या मांडीवर ठेवलं आणि पोरं उपाशी आहेत म्हणत ती आत भाकरी आणायला गेली.