तळटेकचं मैदान

लाकडाच्या वखारीत गंगाधर टिकेकर गेले ते फक्त पिशवीभर भुसा आणायला. सांगलीत विश्रामबागेकडे राहणारे हे टिकेकर रेल्वेतून स्टेशन मास्तर म्हणून निवृत्त झालेत आणि त्यांच्या मागच्या खोलीत खरीखुरी चालणारी छोटी आगगाडी आहे, हे वखारवाल्या नाथाजीला ठाऊक होतं.

"काय मास्तर, इंजनाला भुसा चारताय व्हय?"

"गवत करायचंय. फुटबॉलचं मैदान."

"मग हितला नगं. करवतीखालचा घ्या, पिठागत पडतंय."

ही गोष्ट पंच्याण्णव सालच्या जानेवारीतली, नुकतीच संक्रांत झाली होती.

मागच्या खोलीत लाकडी घोड्यांवर ठेवलेली आठ फुटी फळी होती. तिच्यावर टिकेकरांनी तीन वर्षं खपून तळटेक उभं केलं होतं. तळटेक हे सातारा आणि कराडच्या मधलं लहानसं स्टेशन, तिथं त्यांनी चार वर्षं नोकरी केली होती. पितळी पट्ट्यांचे रूळ, तेलाच्या डब्याच्या पत्र्याचे सतरा मालडबे, जुन्या टेपरेकॉर्डरच्या मोटारीवर चालणारं इंजिन. सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढं. फलाटावरचा कडुनिंबसुद्धा चुकला नव्हता. फक्त लूप लाइनच्या, म्हणजे गाडी बाजूला घ्यायच्या रुळांच्या, पलीकडची जागा तेवढी तीन वर्षं कोरी होती.

"तिथं काय येणारे?" असं चारुशीलाबाईंनी विचारलं की ते म्हणत, "बघू."

खऱ्या तळटेकला तिथं मैदान होतं, आणि फळीवर ते का होत नव्हतं हे फक्त टिकेकरांना माहीत होतं. मे त्र्याहत्तरच्या एका रविवारी त्या मैदानावर दोन गावांच्या संघांचा सामना रंगला होता. शेजारी लूपवर एक मालगाडी थांबून होती. सिग्नल पडला. टिकेकर हिरवा बावटा घेऊन गार्डाच्या शिट्टीची वाट बघत उभे होते. शिट्टी वाजली, त्यांनी बावटा दाखवला, गाडी हलली. आणि मैदानावरून ओरडा झाला. चेंडू गाडीपलीकडे गेला होता, तो आणायला ज्ञानू नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा दोन डब्यांमधून वाकून गेला होता. तो चाकांखाली सापडला.

शिट्टी गार्डाची नव्हती. त्यांनी वळून पाहिलं तेव्हा गार्ड अजून आपली पेटी डब्यात चढवत होता. बाहेर गेलेला चेंडू यायला उशीर होतोय म्हणून पंचानं वाजवली होती ती. चौकशीत गार्डानं 'शिट्टी माझीच' म्हणून सांभाळून घेतलं, मुलगा रुळांत शिरला होता, कुणाचा दोष नाही असं ठरलं. टिकेकर रोज रात्री न चुकता रोजनिशी लिहीत. त्या दिवशीच्या पानावर एकच ओळ होती: 'पाच बेचाळीस. मालगाडी रवाना.' बायकोलाही त्यांनी कधी अधिक सांगितलं नाही.

पण बासष्टावं लागलं आणि ती कोरी जागा त्यांना रोज खुपू लागली. एकदा करून टाकावं म्हणून ते बसले. भुसा हिरव्या रंगात भिजवून वाळवला, डिंकावर चहाच्या गाळणीनं भुरभुरला. मच्छरदाणीच्या तुकड्यांची गोलाची जाळी केली. खऱ्या मैदानावर आखतात त्याच पांढऱ्या फक्कीनं, टोकदार कागदी पुडीतून रेषा मारल्या. खेळाडू तारेचे आणि शाडूचे, पाऊण इंच उंचीचे. अकरा लाल, दहा निळे. चेंडू म्हणून एक बारीक साबुदाणा मधोमध डिंकानं बसवला.

"निळ्यात एक कमी आहे," चारुशीलाबाई चहा ठेवताना म्हणाल्या.

"एक जण चेंडू आणायला गेलाय."

"मग हा मधे ठेवलाय तो काय, लाडू?"

टिकेकरांनी चहाचा कप पुढे ओढला.

त्या संध्याकाळी त्यांनी लूपवरून मालगाडी सोडली. तीन वर्षं कुठेही न अडलेली गाडी मैदानासमोर आली आणि उभी राहिली. त्यांनी स्पिरिटनं रूळ पुसले. मीटर लावून पाहिलं तर रुळांत बारा व्होल्ट बरोबर होते. इंजिन उलटं चालवलं तर सुरळीत मागे गेलं. पुढे घेतलं की त्याच जागी उभं.

ते कपाळाला हात लावून बसले असतानाच चारुशीलाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "अहो, शिट्टी कोण वाजवतंय?"

टिकेकरांनीही ती ऐकली होती. बारीक, दुरून आल्यासारखी, पण खोलीतलीच. घड्याळात पाच बेचाळीस झाले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी साबुदाणा मधोमध नव्हता. डिंकाचा ठिपका तसाच होता आणि दाणा रुळांपलीकडे, खडीत पडला होता.

"मुंग्या," चारुशीलाबाई म्हणाल्या. "खायची वस्तू ठेवलीत तर दुसरं काय होणार?"

ते पटण्यासारखं होतं. त्यांनी साबुदाण्याला व्हार्निशचा हात दिला, पुन्हा चिकटवला, फळीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. तिसऱ्या दिवशी दाणा पुन्हा रुळांपलीकडे होता. अगदी त्याच जागी. ती जागा त्यांना नीट माहीत होती. पंचनाम्याच्या वेळी खरा चेंडू तिथं नव्हता, पण तो पडल्याची खळगी त्यांनी खडीत पाहिली होती.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वीज गेली. तेव्हा रोजच जायची. टिकेकर खोलीतच होते, रंगाच्या बाटल्या आवरत. खिडकीतून थोडा उजेड होता तोही भराभर विरत चालला. त्यांनी काड्यापेटी शोधायला हात पुढे केला, आणि आवाज आला...

कड्. मग पुन्हा कड्. मग आणखी मागून.

उभी मालगाडी निघताना इंजिनापासून शेवटच्या डब्यापर्यंत एकेका साखळीला ताण बसत जातो, तो आवाज. पस्तीस वर्षं ऐकलेला. घरात वीज नव्हती. रुळांत वीज नव्हती. खोलीत तापलेल्या लोखंडाचा आणि उन्हानं करपलेल्या गवताचा वास भरला होता, ऐन थंडीत. मग शिट्टी झाली, या वेळी अगदी कानाशी. आणि फळीवरून काहीतरी धावलं. हलकं, घाईघाईनं... एकदा पलीकडे, मग अलीकडे... आणि पुन्हा पलीकडे.

काडी तिसऱ्या खेपेला पेटली. गाडी एका डब्याच्या लांबीनं पुढे सरकलेली होती. मैदानाची रुळांकडची रेषा विस्कटली होती. मेणबत्ती जवळ धरून, रंगकामाचं भिंग लावून त्यांनी पाहिलं. फक्कीत पाय पडून ती पुढे हिरव्या भुशावर उमटावी तशी पांढऱ्या ठिपक्यांची माळ रुळांकडे गेली होती. दुसरी परत आली होती. तिसरी पुन्हा रुळांकडे गेली होती आणि तिथंच संपली होती.

भीती होतीच. पण भीतीच्याही वर एक गोष्ट त्यांना सुटेना. जाणं, येणं, जाणं. ज्ञानू तर एकदाच गेला होता. निदान ते इतकी वर्षं तसं धरून होते.

सकाळी त्यांनी कराडची एसटी पकडली. ज्ञानूची आई मनुबाई कराडला लागूनच मलकापुरात राहते, हे रुळांचे सांधे बदलणारा तळटेकचा पॉइंट्समन सिद्धू दिवाळीच्या पत्रात दरवर्षी कळवायचा. दरवर्षी ते ती ओळ वाचायचे आणि पत्र घडी करून ठेवायचे.

मनुबाई पत्र्याच्या खोलीपुढे उन्हात शेंगा फोडत बसली होती. डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेले.

"कोन?"

"मी टिकेकर. तळटेकचा मास्तर."

तिचे हात थांबले. मग ती म्हणाली, "बसा. आवं, बसा की. उबं का?"

काय सांगायचं याची त्यांनी एसटीत चार वेळा उजळणी केली होती. प्रत्यक्षात तोंडून भलतंच आलं. "मी ते स्टेशन लहान करून बनवलंय, मनुबाई. मैदानही. ज्ञानूची मूर्ती करायची राहिलीय. शर्ट निळा होता एवढंच आठवतं."

"केवढी मूर्ती?"

"पाऊण इंच. बोटाच्या पेराएवढी."

"एवढुशी?" ती चक्क हसली. "जल्मला तवा त्येच्यापरीस लय मोटा हुता." मग हळूहळू सांगत गेली. केस पाणी लावून मागं वळवायचा. पळताना उजवा खांदा खाली जायचा. "पायात बूट. पर बूट त्येचं न्हवतं. बाळासोचं हुतं, मागून आनल्यालं. दोन मापं मोटं. मीच चिंध्या कोंबून दिल्या."

टिकेकरांनी खाली मान घालून सगळं सांगून टाकलं. बावटा, पंचाची शिट्टी, पेटी चढवणारा गार्ड. बोलून झाल्यावर ते वाट बघत राहिले.

"शिट्टी वाजली," मनुबाई म्हणाली, "तवा त्यो भाईर आलाता."

"काय?"

"मी कुंपनापाशी हुते, शेंगा इकत. चेंडू त्येला गावलाच न्हाई. तसाच माघारी आला, माझ्या म्होरं उबा ऱ्हायला. मग शिट्टी वाजली, मग गाडी हालली. तवा त्यो माझ्या म्होरं हुता, मास्तर. हात लावंल एवढ्यावर." तिनं एक शेंग उचलली, पण फोडली नाही. "एका पायात बूट न्हवता. आत पडला म्हनला. मी म्हनले, जा, आन. दुसऱ्याचा हाय, बाळासोला काय तोंड दावनार? गाडी लय हळू हुती वो. मला वाटलं, हात घालून घील."

उन्हात एक कोंबडी टरफलं टोचत होती. टिकेकरांनी विचारलं, "हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुनी इचारलंच न्हाई. आन इचारलं असतं तर कुटल्या तोंडानं सांगितलं असतं?"

छातीवरची धोंड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावी तसं त्यांना झालं. श्वास खोल गेला, पार पोटापर्यंत. आणि त्याच क्षणी लाजही वाटली, कारण ती धोंड कुणाच्या छातीवर आहे हे समोर दिसत होतं. 'तुमची काही चूक नाही,' एवढं म्हणायचं होतं. जीभ वळली नाही. तीनची एसटी होती. "येतो," एवढंच ते म्हणाले. मनुबाईनं त्यांच्या ओंजळीत मूठभर शेंगदाणे घातले.

सोमवारी बाविसावा खेळाडू तयार झाला. केस मागं वळवलेले, उजवा खांदा किंचित खाली. एका केसाच्या कुंचल्यानं त्यांनी दोन्ही पायांत काळे बूट रंगवले आणि त्याला निळ्यांच्या रांगेत उभा केला. रुळांपलीकडचा साबुदाणा चिमट्यानं उचलून त्याच्या पायाशी ठेवला. विस्कटलेली रेषा पुन्हा मारली. पाच बेचाळीसला बटण दाबलं.

गाडी निघाली. सतरा डबे मैदानासमोरून एकामागून एक गेले, वळणावर डोलले, कडुनिंबामागं दिसेनासे झाले.

"गेली की," दारात उभ्या चारुशीलाबाई म्हणाल्या.

टिकेकरांनी त्यांना बसायला सांगितलं आणि त्र्याहत्तरची सगळी हकीकत पहिल्यांदाच ऐकवली. त्या ऐकत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "आणि त्या बाईंना तसंच सोडून आलात?"

त्यानंतर त्यांना गाढ झोप लागू लागली. साबुदाणा हलला नाही, शिट्टी वाजली नाही. फक्त मनुबाईला लिहायचं पत्र काही जमेना. चार कागद फाडून झाले. आठव्या दिवशी तिचंच पोस्टकार्ड आलं, शाळकरी मुलीच्या वळणदार अक्षरात.

'मास्तरांना मनुबाईचा नमस्कार. लिहिणार शेजारची राजनंदिनी. पत्ता सिद्धूकडून घेतला. तुम्ही पाठवलेला माणूस सोमवारी दिवेलागणीला येऊन गेला. माझी काही चूक नाही, मी ते डोक्यातून काढावं, असा तुमचा निरोप त्यानं दिला. ऐकून लय हलकं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा पुरती झोप लागली. त्याला बस म्हटलं, बसला नाही. उंबऱ्याबाहेरूनच बोलला. मला दिसत नाही, पण आवाज तरण्या पोराचा होता. चहा घे म्हटलं तर म्हणाला, आता जातो, सगळे थांबलेत. कुणाचा कोण ते कळवा. गुणी वाटला.'

चारुशीलाबाईंनी कार्ड दोनदा वाचलं. "कुणाला पाठवलं होतंत?"

"कुणालाच नाही."

चारुशीलाबाईंनी कार्ड त्यांच्यापुढे ठेवलं. मग टिकेकरांनी कोरं पोस्टकार्ड घेतलं आणि पेन न थांबवता लिहिलं: 'मनुबाई, निरोप माझाच होता. त्यातला शब्दन् शब्द खरा धरावा.' खाली सही केली. माणसाचं नाव लिहिलं नाही.

पत्ता उतरवायला त्यांनी तिचं कार्ड आडवं धरलं, तेव्हा कडेला पेन्सिलीनं, अगदी बारीक अक्षरात लिहिलेलं दिसलं.

'काका, हे मी माझं लिहिते आहे. सोमवारी त्या वेळी मी अंगणातच अभ्यासाला बसले होते. आजींच्या दारात कोणी नव्हतं. त्यांना मी तसं सांगितलेलं नाही, कारण आवाज मलाही ऐकू आला.'