पड

डोंगरउतारावरच्या पत्र्याच्या प्रयोगशाळेत हिरा भांगरे यंत्राच्या कळीवर बोट ठेवून थांबली होती. डोंगर तिच्या माहेरचा. उताराच्या मधोमध तिच्या आईचं, ठकूबाईचं वावर.

"घाबरलीस?" जंगल उभारणाऱ्या संस्थेचे प्रमुख डॉ. मेढेकर म्हणाले.

"माती ज्यांना बोलावणार नाही ते इथून जाणार. नक्की ना, सर?"

"नक्की. मृदास्मृती तूच तर शोधलीस. कोण कुठे किती काळ नांदलं, याची नोंद मातीतल्या बुरशीच्या धाग्यांत राहते. आपण विजेचा स्पंद द्यायचा. मग माती जुन्या सोबत्यांची निजलेली बियाणी क्रमाने जागी करते. मूळचं कोण आणि उपरं कोण, हे मातीच ठरवेल. संस्थेच्या आदेशात तसंच लिहिलंय. सही माझी आहे."

माती ठरवणार म्हणे! उपरं कोण हे या माणसांनी शहरातल्या गार खोलीत कधीच ठरवलं होतं. आईला डोंगरावरून उठवून खाली सपाटीला घर मंजूरही झालं होतं. तरी मातीवर विसंबून हिराने कळ दाबली.

नवव्या दिवशी डोंगर उठला.

जिथे नांगराने सोललेल्या मुरुमाखेरीज काही नव्हतं, तिथे ऐन, हिरडा, गेळा, करवंद मातीतून डोकी काढत होते. एक दाणा कुणी पेरला नव्हता. कोंबांच्या रांगा वळणं घेत वर चढत होत्या, विसरलेली वाट आठवत चालावं तशा. हिराने चपला काढून हातात घेतल्या. अशा जमिनीवर चपला घालून उभं राहायची तिची छाती झाली नाही.

पण कोंब वीतभर वाढले आणि थबकले. सगळा डोंगर एकदम. आणि ठकूबाईच्या वावरात तर जुन्या झुडपांखेरीज नवं काहीच उगवलं नाही.

"बघ," मेढेकर म्हणाले, "एका वावराने अख्खा डोंगर अडवलाय. कागदावरही 'पड' लिहिलंय. पड म्हणजे मेलेली जमीन."

"मेलीय तुझी अक्कल, सायबा!" बांधावरून ठकूबाई कडाडली. "पड म्हंजी निजवलेली. पाच वरसं निजवायची, मंग पाल्याचा राब भाजायचा, मंग नाचणी. माझ्या आजीची आजीबी तेच करीत व्हती. औंदा पाचवं हाय."

हिरा आत धावली. वावरातले धागे तिने पुन्हा वाचले. राख, नाचणी, पाच वर्षं झुडपं. राख, नाचणी, पाच वर्षं झुडपं. थरामागून थर, नऊशे वर्षं. आपण या राखेला जखम समजून नोंदीतून गाळून टाकलं होतं, हे लक्षात येताच तिला स्वतःची लाज वाटली.

"सर, ही माती थांबलीये," ती बाहेर येत म्हणाली.

"कशासाठी?"

"राबासाठी. क्रमात पुढे राख आहे. ती आल्याशिवाय पुढचं पान उलटणार नाही."

"कोवळ्या जंगलात आग लावू?"

"मातीने मागितलंय, सर."

"अवेळ हाय," ठकूबाई पुटपुटली, "पन भाजते." तिने वावरातली झुडपं तोडून पालापाचोळा पसरला, वर शेण, वर मातीचा हलका थर. राब दिवसभर धुमसला.

त्यानंतर चौथ्या दिवशी राखेतून नाचणीची पाती निघाली. त्याच दुपारी प्रयोगशाळेतल्या पडद्यावर वावरातून एक स्पंद सुटला आणि धाग्याधाग्याने डोंगरभर पसरत गेला. तो कुणी दिलेला नव्हता. दाराबाहेर थबकलेले कोंब सळसळले. हिराच्या डोळ्यांदेखत ऐन गुडघ्याला लागला. नाचणी स्वतःहून राब भाजत नाही. म्हणजे मातीने नुसती झाडं बोलावली नव्हती, तिने आईचे हातही बोलावले होते.

तेवढ्यात तिच्या मागे काहीतरी तडकलं. मेढेकरांच्या खुर्चीखालची फरशी फोडून हिरड्याचा कोंब वर आला होता.

ठकूबाईने दारातून डोकावलं. "सायबा, तुला बोलीवलं का रं मातीनं?"

मेढेकरांनी हिराकडे पाहिलं.

"आदेशात तसंच लिहिलंय, सर," ती हळूच म्हणाली. "सही तुमची आहे."

मेढेकर उठले. कोंबाला धक्का लागू नये म्हणून त्यांनी खुर्ची अलगद उचलली आणि दाराबाहेर नेली.