न दिसणारा उजेड

छायाचित्रकार अन्सेल्मो उरुतियांच्या हातात ओल्या फिल्मची पट्टी लोंबत होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत काळीठिक्कर. वितळून गेलेल्या हिमनदीची आणि तिच्यावरच्या ढगांची ती शेवटची छायाचित्रं. अवरक्त किरण टिपणारी ती फिल्म आता कुठे बनतही नव्हती.

“कोणीतरी मुद्दाम उजेड दाखवलाय,” ते ओर्तेन्सिया मागिन्याबाईंना म्हणाले. वारास शहरात खासगी तपास करणाऱ्या त्या एकट्याच. “पण कसा? फिल्म धुताना अंधारखोलीची कडी मीच आतून लावली. मिट्ट काळोख होता. मानेला ऊब तेवढी लागत होती.”

म्हातारा दिवा बंद करायलाच विसरला असणार, असं बाईंचा मदतनीस रोमुलो याला वाटलं.

बाईंनी आधी चित्रविक्रेता क्रिसान्तोला गाठलं. फिल्म धुतली जात असताना तो दिवाणखान्यात कोकाच्या पानांचा चहा पीत बसला होता, जागचा हललाही नव्हता. त्याची तक्रार वेगळीच होती. कॅमेऱ्यावर लावायची काळी काच हरवली म्हणून अन्सेल्मोंनी त्याचे खिसे तपासले होते. डोळ्याला लावली तर समोरचा दिवाही दिसत नाही, अशी ती काच.

घर सांभाळणाऱ्या दोमितिला यानाकने सकाळी अंधारखोली झाडली होती. आणखी काही ठाऊक नाही म्हणाली.

रोमुलो भिंतीवरची चित्रं बघत होता. सगळ्या चौकटी लखलखीत. एकीवर मात्र बोटभर धूळ: काळं आकाश, शिखरावर दुधासारखा ढग. ते टिपलं त्याच दिवशी आपला वाटाड्या तेओफिलो यानाक दरीत पडून गेला, असं अन्सेल्मो म्हणाले.

बाईंनी सगळ्यांना अंधारखोलीत नेऊन दार लावलं. डोळ्यात बोट घातलं तरी दिसेना.

“रोमुलो, फळीवर हात फिरव.”

हात पोळला. दार उघडलं तेव्हा बाटल्यांमागे पत्र्याच्या डब्यात पेटलेला दिवा दिसला. डब्याच्या तोंडावर तीच काळी काच.

“या काचेतून आपल्याला दिसतो तो उजेड येत नाही,” बाई म्हणाल्या. “अवरक्त येतो, आणि ही फिल्म तोच बघते. खोलीत सकाळी तुम्हीच होतात, दोमितिला. सगळं घर पुसता, ते एक चित्र सोडून. तेओफिलो तुमचा कोण?”

“धाकटा भाऊ,” दोमितिला म्हणाली. “तो खालून हाका मारत होता. सोबतच्या हमालाने सांगितलं मला. साहेब अर्धा तास ढगासाठी थांबले.”

“ढग फाटत आला होता,” अन्सेल्मो पुटपुटले. मग त्यांचा आवाज चढला. “पोलिसांना बोलवा.”

“बोलवा की,” दोमितिला म्हणाली. “त्यांना मी तो अर्धा तास सांगते.”

फोन अन्सेल्मोंच्या हाताशीच होता. त्यांनी तो उचलला नाही.